गहू परत पाठवणारा माणूस

घर भाड्यानं देण्याआधी लोक पगाराची स्लिप बघतात, कंपनीचं पत्र बघतात. आमच्या मेनेरनी माझ्या तळहातावर मूठभर गहू ठेवला आणि विचारलं, "कोरडा की ओला?"

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत मला रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. शहरात जागा मिळता मिळत नव्हती. नदीकाठच्या एका खेड्यात, सायकलनं पाऊण तासावर, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेले होते. दारात हा उंच, किंचित वाकलेला माणूस, अंगात कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर. नमस्कार नाही, या-बसा नाही, थेट गहू. मी काही विचार न करता त्यातला एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरून चावला. पुण्याला दर उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरताना आई दुकानात हेच करायची. दाणा कटकन तुटला तर घ्यायचा, दबला तर दुकानदाराला "नंतर येते" म्हणून पुढचं दुकान गाठायचं. हा दाणा दबला.

"थोडा ओला आहे," मी म्हटलं.

ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले. माझ्या आधी पाच जण जागा बघून गेले होते, असं नंतर कळलं. त्यातल्या चौघांनी तो गहू नुसता पाहिला आणि पाचव्यानं "यात ग्लुटेन असतं ना?" असं विचारलं. त्या पाचव्याचा विषय निघाला की मेनेर पुढची दोन वर्षं मान हलवत.

मेनेर म्हणजे डच भाषेत 'साहेब', किंवा तुम्हाला जवळचं वाटत असेल तर 'अण्णा'. इथं ऐंशीच्या माणसालाही लोक खुशाल नावानं हाक मारतात. त्यांनीही मला तसं सांगून पाहिलं, पण माझी जीभ वळेना. शेवटपर्यंत ते मेनेरच राहिले.

गावाच्या टोकाला, कालवा नदीला मिळतो तिथं, काँक्रीटचं एक प्रचंड कोठार उभं होतं. सायलो. सहा उंच कणग्या एकमेकींना चिकटून उभ्या, वर पत्र्याची खोली, खाली होड्यांसाठी धक्का. दिसायला ते कुरूप होतं, यात वाद नाही. मेनेर स्वतःच म्हणत, "ते सुंदर कधीच नव्हतं. ते कोरडं होतं." त्या कोठारावर त्यांनी चाळीसहून जास्त सुग्या काढल्या होत्या. काम एकच. शेतकऱ्याची गाडी फाटकात आली की लांब लोखंडी नळी धान्यात खुपसायची, नमुना काढायचा, हुंगायचा, चावायचा, मग यंत्रात घालून ओल बघायची आणि ठरवायचं, घ्यायचा की परत पाठवायचा.

त्या कोठाराचा इतिहास त्यांना सनावळीनं येत नसे, सुगीनं येत असे. 'तो पावसाचा उन्हाळा', 'किडे पडले ते साल', 'होडी आडवी झाली ते साल'. गावातले शेतकरी एकत्र येऊन हे बांधायला का निघाले, ते मात्र ते नीट सांगत. नदीवरून एक व्यापारी होडी घेऊन यायचा आणि सुगीच्या दिवसांत मनाला येईल तो भाव सांगायचा. ज्याच्याकडे गहू ठेवायला कोरडी जागा नाही, त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसायचं. "म्हणून आमच्या आजोबांनी नाही म्हणायला जागा बांधली," मेनेर म्हणत. त्यांच्या वडिलांनी त्या बांधकामावर सिमेंटची पोती वाहिली होती. युद्धात वरच्या पत्र्याच्या खोलीत सैनिक दुर्बिणी घेऊन बसले आणि खालच्या गव्हावर गावानं एक वाईट हिवाळा काढला. पुढे ट्रक मोठे झाले, रस्ते रुंद झाले, गहू थेट बंदरावरच्या कोठारांकडे जाऊ लागला आणि हे बंद पडलं. बंद पडल्यावरही मेनेर दर गुरुवारी किल्ली घेऊन आत जात आणि रिकामं कोठार झाडून येत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. मी खोलीत कपडे वाळत घातले की ते वर येत, शर्टाची कॉलर दोन बोटांत धरत, "अजून नाही" म्हणत आणि खाली जात. सुपरमार्केटमध्ये कणकेची पुडी कानाशी धरून हलवत. एकदा मी सर्दीनं पडले होते तर कपाळाला हात लावायच्या ऐवजी माझ्या उशीला हात लावून पाहिला आणि "उशी बदल" एवढंच बोलून गेले. कुणी "कसे आहात?" असं विचारलं तर "ठीक" म्हणायचं एवढी साधी गोष्ट त्यांना जमत नसे. ते थांबत, खरोखर विचार करत आणि "गुडघा वाईट, बाकी अजून सांगता येत नाही" असं काहीतरी सांगत. विचारणारा तोवर सायकलवर बसून पुढं गेलेला असे.

पुण्याहून आईनं भाजणीचा डबा पाठवला तेव्हा मी तो स्वयंपाकघरात उघडून ठेवला होता. मेनेर आले, त्यांनी सरळ मनगटापर्यंत हात आत घातला. मी किंचाळायच्या बेतात होते.

"हे कुणी वाळवलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईनं. गच्चीवर, उन्हात. मग भाजलं."

"तिला बोलाव."

आई खरंच आली, पुढच्या उन्हाळ्यात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. सकाळी दोघं टेबलाशी बसत, मधे बाजारातून आणलेल्या डाळी, तांदूळ, राळे. एकजण दाणा चावे, दुसऱ्याकडे बघे, दुसरा चावे. मग दोघंही एकदमच मान हलवत, बहुतेक वेळा नकारार्थी. परत जाताना आई मला म्हणाली, "यांना आपल्या धान्याच्या दुकानात बसवलं ना, तर दुकानदाराला दुकान बंद करावं लागेल. पण तू यांच्याकडे आहेस, मला आता काळजी नाही."

रोज संध्याकाळी सहाला, जेवायच्या टेबलाशी, मला एकच प्रश्न असे. "आज काय परत पाठवलंस?"

माझं काम चिप तपासायचं होतं. तयार झालेला लॉट मोजायचा, बसत नसेल तर अडवायचा. कागदावर तरी तसंच होतं. प्रत्यक्षात मी तेव्हा सगळ्याला हो म्हणायचे. मॅनेजर म्हणाला "हे चालेल ना?" की मी "हो, बघते," म्हणायचे आणि ते चालून जायचं. आम्हाला लहानपणापासून हेच वळण. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, गोड बोलून वेळ मारून न्यायची. त्यामुळे मेनेरच्या प्रश्नाला माझं उत्तर बरेचदा "आज काही नाही" असंच असे. ते सूप ढवळत म्हणत, "सगळी सुगी कोरडी? नशीबवान कंपनी आहे."

एकदाच त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. त्या पावसाच्या उन्हाळ्यात भावाची भरलेली गाडी रांगेत सगळ्यांदेखत उभी होती. मेनेरनी नमुना काढला, पाहिला आणि गाडी परत पाठवली. भाऊ खाली उतरून म्हणाला, "माझा आहे रे हा." मेनेर म्हणाले, "हो. आणि ओला आहे." ओला गहू कणगीत तापतो, आणि एक गाडी तापली की तिच्याभोवतीचा दुसऱ्यांचा कोरडा गहूही नासतो. भाऊ पुढं कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. "मग बोलला?" मी विचारलं. "हो. आजारी पडल्यावर. तेव्हाही म्हणाला, घ्यायला हवा होतास." मेनेर हे सांगताना पावाला लोणी लावत होते. हात थांबला नाही.

मग कोठार पाडायचं निघालं. खेमेंतेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ती जागा मोकळी हवी होती. गावातल्या लोकांनी समिती काढली. एक निवृत्त शाळाबाई तिच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं, कोठार पाडू नका, आत फ्लॅट करा, इतिहास वाचेल आणि लोकांना घरंही मिळतील. खेमेंतेनं सांगितलं, वास्तू जपण्याजोगी आहे हे दाखवा, तिचा इतिहास लिहून द्या. सहकारी संस्थेचे कागद केव्हाच रद्दीत गेलेले. कोठारावर काम केलेला, डोकं शाबूत असलेला एकच माणूस उरला होता.

मेनेरना ते कोठार किती हवं होतं, हे मी सांगून समजणार नाही. इतरांना ते वाचलं तर बरं वाटलं असतं. मेनेरना ते गेलं असतं तर गुरुवारी कुठे जायचं, हा प्रश्न होता.

त्यांची जवळची नजर अधू झाली होती, मोठी अक्षरंच दिसत. म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. सहा महिने, दर रविवारी. माझं डच त्याच रविवारांनी सुधारलं. लिहून झालं की मी वाचून दाखवायचे आणि ते दुरुस्त करायचे. 'सुमारे' हा शब्द त्यांना चालत नसे. ठाऊक असेल तर आकडा लिहायचा, नसेल तर 'ठाऊक नाही' असं लिहायचं. त्या पुस्तिकेत 'ठाऊक नाही' इतक्यांदा आलंय की शाळाबाई काकुळतीला आल्या होत्या.

शेवटाकडे एका रविवारी त्यांनी तिसऱ्या कणगीची गोष्ट सांगितली. एका मोठ्या सुगीत जागा संपली, गाड्या रांगेत उभ्या, आभाळ भरून आलेलं. त्यांनी आणि तेव्हाच्या मुकादमानं तिसरी कणगी खुणेच्या वर भरली. तीन दिवसांनी पायथ्याशी तडा गेला, हात जाईल एवढा. दोघांनी गहू काढला, तड्यात सिमेंट भरलं, वरून रंग मारला. कुणाला सांगितलं नाही. मुकादम केव्हाच वारला.

"लिही," मेनेर म्हणाले.

मी लिहिलं. पण पक्की प्रत करताना ते पान गाळलं.

का गाळलं, तर मला वाटलं, उभं आयुष्य ज्यानं भावाची गाडीसुद्धा आत घेतली नाही, त्या माणसाची एक चूक छापून कशाला ठेवायची? आमच्याकडे वडीलधाऱ्यांचं चुकलेलं कुणी कागदावर घालत नाही. त्यांच्या माघारीसुद्धा नाही. श्रद्धांजलीच्या लेखात कुणाचा तडा वाचलाय कधी? वर कोठारही वाचणार होतं. मी स्वतःवर खूशही होते. शेवटची तीन प्रकरणं वाचून दाखवायची राहिली होती आणि मुदत संपत आली होती. "तू लिहिलंयस ना?" मेनेर म्हणाले. "मग झालं. दे पाठवून." एवढा विश्वास त्यांनी आयुष्यात कुठल्या गाडीवर टाकला नसेल.

खेमेंतेच्या सभागृहात सुनावणी होती. गाव लोटलं होतं. मेनेर कोट घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. सगळं आमच्या बाजूनं चाललं होतं. सभापतीबाईंनी पुस्तिकेचं कौतुक केलं, मग चष्मा लावून म्हणाल्या, "आणि या अत्यंत बारकाईनं लिहिलेल्या इतिहासात इमारतीला इजा झाल्याची एकही नोंद नाही, हे फ्लॅटच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे."

मेनेरनी मान माझ्याकडे वळवली. रागानं नाही. नमुना बघताना बघत तसं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"एक पान कमी आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या कणगीला पायथ्याशी तडा आहे. आम्ही तो बुजवला होता. जास्त भरल्यामुळे गेला, आणि भरणारा मी होतो. हे पान पुस्तकात असायला हवं होतं. पाठवण्याआधी तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही."

शाळाबाई मागून कुजबुजल्या, "अहो, बसा ना!" ते बसले नाहीत. तडा कुठं, किती उंचीवर, कोणत्या बाजूला, सगळं सांगितलं. "तिथं लोक झोपणार आहेत," ते म्हणाले, आणि मग बसले. मी उठून 'पान मी गाळलं' असं म्हणायला हवं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या पाच मिनिटांची लाज मला आजही वाटते.

पुन्हा तपासणी झाली. तडा आतून वर चढलेला निघाला. दुरुस्ती कुणालाच झेपणारी नव्हती. कोठार पाडायचं ठरलं. गावात दोन-चार जण मेनेरना बघून रस्ता ओलांडू लागले. बेकरीत एकानं तोंडावर विचारलं, "गप्प बसता आलं नसतं का?" मेनेरनी नेहमीप्रमाणे थांबून विचार केला आणि "नाही" म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी घरी परतताना ते सायकलवर पुढं होते, समोरून वारा. दारात किल्ली लावता लावता विचारलं, "का?"

"तुमचं वाईट दिसू नये म्हणून," मी म्हटलं. "आणि ते वाचावं म्हणून."

"माझ्यासाठी?"

"हो."

ते आत गेले. पुढचे तीन आठवडे सहा वाजता सूप होतं, पाव होता, पण तो प्रश्न नव्हता. आई रागावली की बोलायची थांबायची, त्यामुळे गप्प बसण्याची शिक्षा मला ओळखीची होती. पण हे त्याहून जड होतं, कारण ते रागावलेले नव्हते. मला विचारून उपयोग आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

चौथ्या आठवड्यात ऑफिसात एक लॉट आला, अगदी काठावरचा. गिऱ्हाईक थांबलेलं. मॅनेजर म्हणाला, "हे चालेल ना?" खोलीत आठ माणसं होती. माझ्या घशाशी 'हो, बघते' आलंही होतं. मी म्हटलं, "नाही. चालणार नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मॅनेजरनं दोन सेकंद बघितलं, "ओके" म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. इतकी वर्षं ज्याला मी घाबरत होते, ते दोन सेकंदांचं होतं.

संध्याकाळी मी कोटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि कुणी न विचारता म्हणाले, "आज एक लॉट परत पाठवला."

मेनेरनी डाव खाली ठेवला. "किती कमी पडला?"

मी आकडा सांगितला. 'सुमारे' म्हटलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून दिली. त्या दिवशी मी जेवताना रडले आणि त्यांनी मला मीठ पुढं केलं, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

आज मी आम्स्टरडॅमला असते, स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात माझी स्वतःची टीम आहे. मेनेर जाऊन तीन वर्षं झाली. माझ्याकडे जे काही सरळ आहे, त्यातलं बरंच त्यांच्या टेबलाशी सहा वाजता आलेलं आहे. हे मी त्यांना जिवंतपणी सांगितलं होतं, एवढं बरं झालं. ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, "थोडं तुझ्या आईचंही असणार."

कोठार पाडलं त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर माझा लॅपटॉप उघडून ठेवला होता. "ते पान," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मेनेर, आता कोठार नाहीये. कोण वाचणार?"

"कोठार नाहीये म्हणूनच."

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, तडा, सिमेंट, रंग, मुकादमाचं नाव, स्वतःचं नाव. मी टाइप केलं आणि शब्दन् शब्द मोठ्यानं वाचून दाखवला. ते ऐकत होते, एक-दोन ठिकाणी थांबवलं. मग म्हणाले, "खाली अजून एक ओळ. हे पान पहिल्या प्रतीत का नव्हतं, तेही लिहायला पाहिजे. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाला वाटेल, मी लपवलं."

माझा चेहरा गरम झाला. मी की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघत बसले. योग्य शब्द मिळेपर्यंत ते कधीच बोलत नसत.

"लिही," ते म्हणाले. "हे पान टाइप करणाऱ्या मुलीनं गाळलं होतं. कारण, तिचा माझ्यावर जीव होता."

मी म्हटलं, "हे असं लिहायचं?"

"खोटं आहे का?"

मी नकारार्थी मान हलवली. ते पान जोडलेली पुस्तिका खेमेंतेच्या दप्तरात आहे, कुणीही मागून बघू शकतं. माझ्याविषयी लिहिलं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य तिच्या शेवटच्या पानावर आहे, आणि ते टाइप करताना मला अक्षरं दिसत नव्हती.